निदानाचा साधक : डॉ. वसंत रामजी खानोलकर

आयुर्वेदात ‘निदान’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. रोग कोणता हे ओळखणे, हा त्याचा एक अर्थ. रोग ज्यापासून उत्पन्न झाला ते मूळ कारण, हा दुसरा अर्थ. सुश्रुताचार्यांनी तर चिकित्सेचे सारच असे सांगून ठेविले आहे की, ज्या कारणाने रोग झाला त्या कारणाचा त्याग करणे हीच संक्षेपाने चिकित्सा होय. व्यवहारात मात्र या दोन अर्थांची बहुधा ताटातूट झालेली दिसते. रोगाचे नाव सांगणारे वैद्य पुष्कळ भेटतात. त्याचे मूळ शोधीत माणसाच्या घरापर्यंत, त्याच्या खाण्यापिण्यापर्यंत व नेसण्यापांघरण्यापर्यंत जाणारा वैद्य विरळा. विसाव्या शतकात कर्करोगासारख्या भयंकर व्याधीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ ज्यांनी एकाच आयुष्यात सार्थ केले, त्या डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली विकृतिशास्त्र या विषयात त्या विद्यापीठाची एम. डी. ही पदवी संपादन केली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या घटकांत जे फेरफार होतात त्यांचा अभ्यास. या शास्त्राची निवड करणारा डॉक्टर लोकांच्या नजरेस फारसा पडत नाही. शस्त्रवैद्याच्या हाताला यश आले की रोगी त्याचे पाय धरतो. औषध लागू पडले की औषध देणाऱ्याचा लौकिक होतो. परंतु ज्याच्या निर्णयावर शस्त्र व औषध ही दोन्ही अवलंबून असतात, तो प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसलेला असतो, आणि रोग्याला बहुधा त्याचे नावही ठाऊक नसते. परदेशात उच्च पदवी मिळवून आलेल्या तरुणापुढे द्रव्य व कीर्ती यांचे दुसरे मार्ग मोकळे होते. खानोलकरांनी हा निभृत मार्ग पत्करिला आणि अखेरपर्यंत तो सोडला नाही.

स्वदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे अध्यापन केले. या दुसऱ्या संस्थेचा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिच्यासाठी देणगी देणाऱ्यांनी अशी अट घातली होती की, तेथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले सुयोग्य भारतीयच असावेत. वैद्यकशिक्षणातील वरिष्ठ जागा परकीयांसाठी राखून ठेवण्याचा तो काळ होता. १९२६ साली हे महाविद्यालय व त्याला जोडलेले के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले तेव्हा भारतीय अध्यापकांच्या योग्यतेची ती एक परीक्षाच होती. खानोलकरांसारख्यांच्या अध्यापनाने व संशोधनाने त्या परीक्षेत भारतीय विद्वत्ता उणी पडली नाही.

त्याच परळ भागात काही वर्षांनी एक नवी वास्तू उभी राहिली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने अंत झाला. पुढच्याच वर्षी दोराबजीही निवर्तले. त्यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीने कर्करोगाच्या उपचारासाठी जे स्वतंत्र रुग्णालय बांधले, ते टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा खानोलकरांकडे आली. त्या वेळी त्यांना शेहेचाळिसावे वर्ष चालू होते. येथून पुढे त्यांचे जीवन आणि या देशातील कर्करोगविचार यांचा प्रवाह एक झाला.

या प्रयोगशाळेत चालणाऱ्या कामाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, म्हणजे त्यातील जबाबदारीची कल्पना येईल. रोग्याच्या अंगावरील गाठीचा अगर व्रणाचा एक लहानसा तुकडा काढून घेतात. तो औषधी द्रवात टिकवून, मेणात बसवून, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असे त्याचे काप करतात. काचेवर घेतलेल्या त्या कापांना रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी पेशी आपापल्या जागी, आपापल्या आकारात, मर्यादेने नांदत असतात. कर्करोगाच्या पेशी मर्यादा सोडून वाढतात, शेजारच्या भागात घुसतात आणि रक्त व लसिका यांच्या वाटेने दूरच्या अवयवांत जाऊन ठाण मांडतात. परंतु पुष्कळदा हा भेद स्पष्ट नसतो. केवळ दाहाने सुजलेली गाठ कर्करोगासारखी दिसते, आणि खरा कर्करोग प्रारंभी साध्या व्रणाचे सोंग घेतो. निर्णय चुकून एका बाजूला गेला, तर निरोगी माणसाची जीभ किंवा जबडा व्यर्थ कापला जाईल. दुसऱ्या बाजूला गेला, तर वाचू शकणारा रोगी हातचा जाईल. ज्याचे मुखही आपण पाहिले नाही अशा माणसाच्या आयुष्याचा निवाडा काचेच्या एका पट्टीवरून करावयाचा, हे काम घाईच्या, आळसाच्या किंवा अहंकाराच्या मनाला झेपणारे नव्हे. रुग्णसेवा रोग्याच्या उशाशी बसूनच होते असे नाही; काचेच्या त्या पट्टीपाशी दाखविलेली सावधानता हीदेखील रुग्णसेवाच होय.

निदानाचा हा पहिला अर्थ झाला. खानोलकरांचे वैशिष्ट्य असे की, रोगाचे नाव सांगून त्यांनी आपले काम संपले असे मानले नाही. हा रोग या माणसाला, याच ठिकाणी का झाला, हा दुसरा प्रश्न ते विचारीत राहिले.

त्या काळी पाश्चात्त्य वैद्यांत असा समज रूढ होता की, कर्करोग हा सुधारलेल्या व संपन्न देशांचा रोग असून भारतात तो क्वचितच आढळतो. आपल्याकडील पुष्कळांनाही हा समज सुखावह वाटे. वस्तुस्थिती निराळी होती. ज्या देशात सरासरी आयुर्मानच अल्प, तेथे उतारवयात होणारा रोग कमी दिसावा यात नवल नाही. शिवाय खेड्यापाड्यांतून रोगाची परीक्षाच होत नसे. माणूस कशाने गेला हे न कळताच तो जात असे. १९३० नंतरच्या दशकात नाथ व ग्रेवाल या संशोधकांनी निरनिराळ्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून हा रोग येथेही मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखविले होते. टाटा रुग्णालयात देशाच्या सर्व भागांतून रोगी येऊ लागल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. मात्र एक गोष्ट प्रकर्षाने दिसू लागली. युरोपात जे अवयव अधिक प्रमाणात रोगग्रस्त होत, त्यांपेक्षा येथील चित्र वेगळे होते. येथे तोंड, जीभ, गाल, घसा यांच्या कर्करोगाचे रोगी फार मोठ्या संख्येने येत. एकाच मनुष्यजातीत देशपरत्वे रोगाचे स्थान बदलावे, याला काही कारण असलेच पाहिजे.

अशा कारणशोधनाचे काही दाखले जगात पूर्वी घडले होते. १७७५ साली लंडनमधील पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना होणाऱ्या एका विशिष्ट कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा यांनी सशाच्या कानाला दीर्घकाळ डांबर लावून तेथे कर्करोग उत्पन्न होतो हे प्रयोगाने सिद्ध केले. आपल्या काश्मीरातही निखाऱ्यांनी भरलेली कांगडी पोटाशी धरून ऊब घेण्याच्या चालीमुळे पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेवर कर्करोग होतो, हे तेथील मिशनरी डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदविले होते. या मार्गाने जाऊन खानोलकरांनी आपले सहकारी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली अमेरिकेतील एका विकृतिशास्त्रविषयक नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिलेले होते, आणि ते तीनही भारतातील होते.

पहिला प्रकार धोतराचा. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट नेसलेल्या धोतराचा काच कमरेवर बसतो. घर्षण, घाम व मळ यांनी तेथील कातडी प्रथम जाड होते, तिचा रंग जातो, मग भेगा व व्रण होतात, आणि क्वचित एखाद्याच्या बाबतीत त्या जुनाट व्रणावर कर्करोग उद्भवतो. साडीच्या घट्ट गाठीने स्त्रियांनाही असाच त्रास होतो, असे पुढे इतर वैद्यांच्या पाहण्यात आले. दुसरा प्रकार खैनीचा. बिहार व उत्तर प्रदेश या भागांत तंबाखू आणि चुना तळहातावर मळून ती चिमूट खालचा ओठ व हिरडी यांच्यामधील खोबणीत धरून ठेवितात. नेमक्या त्याच खोबणीत कर्करोग झालेले रोगी आढळले. तिसरा प्रकार चुट्ट्याचा. आंध्रच्या समुद्रकाठी, विशाखापट्टणमच्या आसपास, तंबाखूच्या पानाची जाड विडी ओढतात. तिला चुट्टा म्हणतात. तेथील पुष्कळ लोक, विशेषतः स्त्रिया, तिचे पेटलेले टोक तोंडाच्या आत धरून धूम्रपान करीत. टाळूचा जो कर्करोग अन्यत्र विरळ, तो या लोकांत वारंवार दिसे.

कमरेची कातडी, ओठाची खोबणी आणि टाळू, या तीन जागा परस्परांपासून भिन्न. परंतु तिन्हींतून निघणारा सिद्धांत एकच. जेथे सवयीचा आघात नित्य होतो, तेथेच रोग मूळ धरितो. रोग्याच्या शरीरावर त्याच्या दिनचर्येचा जणू लेख उमटलेला असतो. वाचणारा डोळा मात्र हवा.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो खानोलकरांच्या शास्त्राने टाळलेला नाही. कोट्यवधी लोक धोतर नेसतात. त्यांतील किती जणांना हा रोग होतो? लाखो लोक तंबाखू खातात आणि म्हातारे होऊन मरतात. मग सवयीला दोष का द्यावा? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारणच असते असे नाही, हे न्यायशास्त्र शिकलेल्यास सांगावयास नको. म्हणून केवळ रोग्यांच्या कहाण्या गोळा करून भागत नाही. ज्यांना रोग झाला त्यांच्या व ज्यांना झाला नाही त्यांच्या सवयी शेजारी शेजारी ठेवून मोजाव्या लागतात. संघवी व राव या सहकाऱ्यांसह खानोलकरांनी नेमके हेच केले. विडी ओढणे आणि तंबाखू खाणे यांचा तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाशी असलेला संबंध दाखविणारा त्यांचा निबंध १९५५ साली ब्रिटिश वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांविषयीचा आपला प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला तो १९५० साली. म्हणजे या विषयात परळची प्रयोगशाळा जगाच्या फारशी मागे नव्हती.

दुसरा संशय याहून सूक्ष्म होता. भारतात जातिजमातींचे विवाहसंबंध आपापल्या मर्यादेतच होत आले आहेत. तेव्हा रोगातील भेद रक्तामुळे असेल, की आचारामुळे? हा प्रश्न सोडविण्यासाठी संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील सहा समाजांतील लोकांची आनुवंशिक लक्षणे तपासून १९४९ साली ती प्रसिद्ध केली. मुंबईच्या रुग्णालयांतील नोंदींचाही येथे उपयोग झाला. पारशी समाजात अग्नीविषयीच्या पूज्यभावामुळे धूम्रपान वर्ज्य मानलेले. त्यांच्यात तोंडाचा व घशाचा कर्करोग कमी दिसे, आणि स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतर समाजांपेक्षा अधिक आढळे. एकाच शहरात, एकाच हवापाण्यावर राहणाऱ्या लोकांत असा फरक पडावा, यावरून रक्त व आचार या दोहोंचाही विचार करावा लागतो, आणि तोंडाच्या कर्करोगात तरी आचाराचा वाटा मोठा आहे, असे दिसून आले.

या संशोधनाचे महत्त्व वैद्यकापुरते नाही. दुर्धर रोग झाला की आपल्या घरांतून पहिला उद्गार निघतो तो दैवाचा. पूर्वजन्मीचे काही पाप असावे, असे म्हणून रोगी मान खाली घालतो, घरचे लोक लाजेने रोग लपवितात, आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. दैव नाही असे कोणी म्हणावे हा येथे प्रश्न नाही. परंतु ज्याचे कारण याच जन्मात, याच तळहातावर रोज मळले जात आहे, त्याचा भार पूर्वजन्मावर टाकणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि धर्मालाही धरून नाही. पुरुषार्थाला जेथे वाव आहे तेथे दैवाचे नाव घेणे ही केवळ पळवाट होय.

याच्या उलट टोकालाही एक दोष आहे. सवय हे कारण ठरले म्हणून रोग्याला दोष देत बसावे, हेही योग्य नव्हे. खैनी मळणारा मजूर भूक व थकवा मारण्यासाठी ती मळतो. चुट्टा ओढणारी स्त्री ती रीत आपल्या आईकडून व सासूकडून शिकलेली असते. धोतर घट्ट नेसणाऱ्याने तर काही व्यसनही केलेले नसते. ज्या कारणाची कोणाला कल्पनाच नव्हती, त्याबद्दल अपराधी कोण? कारण उजेडात आल्यानंतर मात्र जबाबदारी सुरू होते, आणि ती एकट्या रोग्याची नसून घराची, समाजाची व राज्यकर्त्यांचीही असते.

खानोलकरांची हीच दृष्टी कुष्ठरोगाच्या अभ्यासातही दिसते. समाजाने सर्वांत अधिक दूर लोटलेला रोगी म्हणजे कुष्ठी. रोग अंगभर पसरून विद्रूपता आल्यावर त्याचे नाव घेणारे पुष्कळ होते. खानोलकरांनी त्याच्या अगदी आरंभीच्या अवस्थांचा, विशेषतः कातडीतील मज्जातंतूंमध्ये तो कसा शिरतो याचा, सूक्ष्मदर्शकाने अभ्यास केला. १९५१ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रोग लवकर ओळखला तर अंग विद्रूप होण्यापूर्वी उपाय करता येतो, आणि माणूस आपल्या घरी, आपल्या माणसांत राहू शकतो. प्रारंभीच ओळखणे ही येथे दयेचीच एक कृती ठरते.

१९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली, आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळविली होती; अमेरिकेतून अधिक शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा त्यांनी या केंद्रात उभारली. डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींचा अभ्यास करण्यात नाव मिळविले. प्रयोगशाळेत स्त्रिया अपवादानेच दिसाव्यात अशा त्या दिवसांत या दोघी तेथे नुसत्या शिकल्या नाहीत, तर पुढे दुसऱ्यांना शिकविणाऱ्या झाल्या. गुरूची खरी परीक्षा शिष्यांवरून होते. त्या कसोटीवर खानोलकरांचे यश निर्विवाद आहे. टाटा रुग्णालय १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुशक्ती विभागाकडे गेले. १९६६ साली रुग्णालय व संशोधन संस्था एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र बनले. उपचार व कारणशोध एकाच छत्राखाली नांदू लागले.

मान्यता त्यांना मागाहून चालत आली. देशातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. पद्मभूषण मिळाले. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि १९६३ पासून दहा वर्षे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या निधनाला आता साडेचार दशकांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात त्यांनी दाखविलेली दिशा जगाने मान्य केली. तंबाखूच नव्हे, तर नुसती सुपारीदेखील कर्करोगाला कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००३ साली जाहीर केला. महाराष्ट्र राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. खैनी हा त्यांतील सर्वांत अधिक प्रचलित प्रकारांपैकी एक होता. म्हणजे १९४५ साली जे कारण स्पष्ट दाखविले गेले, ते सत्तर वर्षांनंतरही तळहातावर मळले जातच होते. ज्ञान झाले, पण त्याग झाला नाही. सुश्रुतांच्या वचनाचा पूर्वार्ध वैद्याने पूर्ण केला. उत्तरार्ध गृहस्थांच्या हाती राहिला आहे.

तो उत्तरार्ध फार कठीण आहे असे नाही. घरात कोणाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, एखादी जखम तीन आठवड्यांत भरून येत नसेल, तोंड पूर्ववत उघडत नसेल, गिळताना अडत असेल अगर अंगावर न दुखणारी गाठ वाढत असेल, तर लाज व भीती सोडून डॉक्टरांकडे जावे. तुकडा काढून तपासल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे. त्या तपासणीवाचून योग्य उपचाराचा मार्गच उघडत नाही. आणि ज्या घरात अद्याप रोग आलेला नाही, तेथे पानाच्या तबकातून व दिवाणखान्यातून तंबाखू-सुपारी कायमची दूर करावी, म्हणजे मुलांच्या डोळ्यांपुढे ती सवय उभीच राहणार नाही. पाहुण्याचे स्वागत विड्याशिवाय अपुरे मानण्याची रीत जुनी असेल, पण पाहुण्याचे आयुष्य त्या रीतीहून मोलाचे आहे.

परळच्या प्रयोगशाळेत काचेच्या पट्ट्यांवर वाकून ज्या माणसाने आयुष्य वेचले, त्याने सांगितलेले मर्म वैद्यालाच नव्हे, प्रत्येक कुटुंबप्रमुखाला उपयोगी आहे. रोगाचे नाव डॉक्टर सांगेल. त्याचे कारण घरातून बाहेर काढण्याचे काम मात्र घरच्यांनाच करावे लागते.